वाचविणारे हात आणि जगविणारे हात
(महोत्सवी सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत धर्मगुरूने आपल्या धर्मग्रामाच्या गतकाळाचे गुणगान करावे, असा प्रघात आहे. आमच्या आधीच्या वक्त्यांनी तो उत्तम रीतीने पाळला असल्यामुळे आम्हास आज एका निराळ्या विषयाकडे वळण्याची मोकळीक मिळाली आहे. तो विषय म्हणजे अग्निशामक दलातील जवान. आणि त्यांतही ज्यांनी आग विझविण्याच्या विद्येबरोबर रोग्याचे प्राण टिकविण्याची विद्याही हस्तगत केली आहे, असे जवान. पाश्चात्य देशांत अशा मनुष्यास पॅरामेडिक म्हणतात. तो डॉक्टर नव्हे. परंतु डॉक्टरच्या हाती रोगी जिवंत पोहोचावा, एवढ्यासाठी जे जे करणे अवश्य, ते ते शिकलेला तो मनुष्य होय. नांदेड व लातूर या जिल्ह्यांत राहणाऱ्या आपणास या विषयाशी काय कर्तव्य, असे कोणास वाटल्यास त्याने क्षणभर किल्लारीचे स्मरण करावे.

ता. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लोक रात्री उशिरा घरी आले व दमून झोपी गेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूमी हादरली. ६.२ प्रतीचा तो भूकंप. औसा, निलंगा व उमरगा या तालुक्यांतील गावेच्या गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. मृतांची गणना शासनाने आठ हजारांच्या आसपास केली. अन्य गणना दहा हजारांच्या जवळ जातात. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. आपल्यांतील जे आज चाळिशीच्या पुढे आहेत, त्यांना ती पहाट सांगावयास नको.

एवढी मनुष्यहानी का झाली? आपल्या भागातील जुनी घरे आपणास ठाऊकच आहेत: दगडमातीच्या दोन-तीन फूट जाड भिंती, आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद त्या पहाटे निजलेल्या कुटुंबांवर कोसळले. वीटबांधणीच्या वा काँक्रीटच्या पडझडीत कोठे कोठे पोकळी राहते आणि तिच्यात हवा उरते. मातीच्या घराची पडझड मात्र मनुष्यास चहूकडून झाकून टाकते. नाकातोंडात धूळ जाते आणि श्वास कोंडतो. त्या पहाटे सर्वांत आधी धावले ते शेजारी. ज्यांची स्वतःची घरे पडली होती, त्यांनीच हातांनी, फावड्यांनी, घमेल्यांनी ढिगारे उपसले. मागाहून सैन्य आले, पोलीस आले, सेवाभावी संस्था आल्या. त्या सर्वांच्या पुण्याईस आम्ही वंदन करतो. तथापि एक गोष्ट वैद्यकशास्त्राने सिद्ध केली आहे, ती आपण नीट ऐकून घ्यावी.

दुसऱ्या महायुद्धात लंडन शहरावर बाँब पडत होते. पडलेल्या इमारतींखालून कित्येक लोकांना कित्येक तासांनंतर जिवंत बाहेर काढण्यात आले. ते शुद्धीवर असत, बोलत असत. सोडविणाऱ्यांस धन्यता वाटे. परंतु थोड्याच दिवसांत त्यांची लघवी बंद होई आणि ते मरण पावत. १९४१ साली बायवॉटर्स व बील या दोघा डॉक्टरांनी याचे वर्णन प्रसिद्ध केले. तुळईखाली किंवा दगडाखाली पाय चिरडून राहिला म्हणजे त्यातील स्नायू मरू लागतात. ओझे तेथेच असते तोवर त्यातील विषारी द्रव्ये तेथेच कोंडून राहतात. ओझे उचलले की रक्त वाहू लागते आणि ती द्रव्ये सर्व शरीरात पसरतात. पोटॅशियम वाढून हृदय एकाएकी थांबू शकते, आणि स्नायूंतील द्रव्याने मूत्रपिंडे निकामी होतात. यावर उपाय काय? ओझे उचलण्याच्या आधी, मनुष्य अजून ढिगाऱ्यात अडकलेला असतानाच, त्याच्या शिरेतून सलाइन सुरू करणे.

बंधुभगिनींनो, या एका वाक्यात आमचा सारा विषय आला आहे. ढिगाऱ्याच्या आत, हलत्या भिंतीखाली, सलाइन लावणार कोण? डॉक्टरला तेथे जाता येत नाही. ते त्याचे शिक्षण नव्हे, आणि त्याला आत जाऊ देणेही धोक्याचे. जवान आत जातो. पण त्याला सुई धरता येत नाही. एक मनुष्य दारापाशी थांबतो, दुसरा आत जातो, आणि या दोघांच्या मधल्या जागेत रोगी प्राण सोडतो. ती मधली जागा भरून काढण्यासाठी जगातील पुष्कळ नगरांनी एकाच मनुष्यास दोन्ही विद्या शिकविल्या.

हा इतिहास फार जुना नाही. १९६६ साली बेलफास्ट येथील डॉक्टर पँट्रिज यांनी हृदयविकाराच्या रोग्याची वाट रुग्णालयात पाहण्याऐवजी विजेचा झटका देणारे यंत्र रुग्णवाहिकेत घालून त्याच्या घरी नेले. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेतील मायामी येथे डॉक्टर नेगल यांनी आणि सिएटल येथे डॉक्टर कॉब यांनी हेच काम अग्निशामक दलाच्या जवानांस शिकविण्यास आरंभ केला. सिएटलची अशी पहिली गाडी १९७० साली रस्त्यावर आली. त्यासाठी जवानच का निवडले? कारण सरळ आहे. बंबाची ठाणी नगरात जागोजागी पसरलेली असतात. तेथे माणसे अष्टौप्रहर सज्ज असतात. आणि कोठेही काही मिनिटांत पोहोचणे हा त्यांचा नित्याचा अभ्यास असतो. शिवाय इमारती अधिक सुरक्षित झाल्या तशा आगी कमी होत गेल्या. आज अमेरिकेतील अग्निशामक दलांस येणाऱ्या हाकांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक हाका आगीच्या नसून आजाऱ्यांच्या व जखमींच्या असतात. पॅरिस नगरातही तोच प्रकार आहे.

पॅरिसचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगतो. ती आपणा कॅथोलिकांस विशेष प्रिय वाटेल. सतराव्या शतकात त्या नगरात पगारी अग्निशामक दल नव्हते. आग लागली म्हणजे कॅपुचिन मठवासी धावून जात. उंच चढावयाचे, जळती लाकडे तोडावयाची, माणसे बाहेर काढावयाची, हे काम ते करीत. सैनिकी शिस्तीचे दल नेपोलियनने १८११ साली उभारले, ते पुष्कळ पुढे. त्याचप्रमाणे संत कमिल्लस यांचे चरित्र पाहावे. १५९८ सालच्या डिसेंबरात रोम नगरीत टायबर नदीस महापूर आला आणि पाणी सांतो स्पिरितो रुग्णालयात शिरू लागले. हा संत व त्याचे सोबती यांनी खालच्या दालनांतील रोगी उचलून वरच्या मजल्यावर नेले. रोग्यांची शुश्रूषा करणारे हात आणि पुरातून सोडविणारे हात, हे त्या रात्री निराळे नव्हते. त्या संताच्या संघाचे लोक आजही झग्यावर तांबडा क्रूस धारण करतात.

आता आपल्या राज्याकडे वळू. महाराष्ट्राच्या अग्निशामक दलांस शौर्याची वाण कधीच पडली नाही. ता. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाच्या जहाजास आग लागली. त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि शेकडो टन दारूगोळाही होता. जवान आग विझवीत असतानाच जहाजाचा स्फोट झाला. अग्निशामक दलाचे ६६ जण त्यात कामास आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस सर्व देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. नागपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. तेथून शिकून गेलेले अधिकारी देशभर काम करीत आहेत.

रुग्णसेवेचीही प्रगती झाली आहे. २०१४ सालापासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात धावू लागली. आरंभी अशा ९३७ गाड्या होत्या, आणि गाडीत प्रत्यक्ष डॉक्टर असतो ही आपल्या राज्याची विशेष व्यवस्था. किल्लारीनंतर आपत्तींविषयी शासनाची दृष्टीही बदलली. २००५ साली देशात आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला व पुढच्याच वर्षी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. या दलाच्या पथकात ४५ जण असतात. पडक्या इमारतीतून माणूस काढणे आणि तेथेच त्याच्यावर पहिले उपचार करणे, या दोन्ही विद्या त्या पथकास शिकविलेल्या असतात. म्हणजे आमच्या विषयातील जवान आपल्या देशातही आहे, हे सिद्ध झाले.

पण तो आहे कोठे? महाराष्ट्रातील त्याची तुकडी पुणे जिल्ह्यात आहे. राज्याच्या स्वतःच्या दलाची ठाणी धुळे व नागपूर येथे आहेत. पुण्याहून लातुरास रस्त्याने यावयाचे तर सहा-सात तास, नांदेडास त्याहून अधिक. आणि श्वास थांबलेल्या मनुष्याच्या मेंदूस इजा होण्यास चार-सहा मिनिटे पुरतात. या दोन आकड्यांचा मेळ कसा घालावयाचा? तो घालू शकेल असे एकच ठाणे आपल्या जवळ आहे, आणि ते म्हणजे आपल्या नगरातील बंबाचे ठाणे. विष्णुपुरीच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि गोदावरी नांदेडच्या घाटांवर चढली, की होड्या घेऊन कोण जातो? महामार्गावर मालमोटारीखाली मोटार दबली तर पत्रा कापून माणूस कोण काढतो? विहिरीत पडलेल्या मुलासाठी दोर घेऊन कोण उतरतो? हेच जवान. पाण्यातून काढलेल्या मुलाशी पहिली भेट त्यांचीच होते. त्या पहिल्या भेटीत त्यांना काय करता येते, यावर पुष्कळदा त्या मुलाचे जगणे अवलंबून असते. प्रथमोपचाराचे पाठ त्यांना मिळतात, हे खरे. परंतु पाठ मिळणे निराळे, आणि हातास सतत सराव, सोबत योग्य साधने व पाठीशी डॉक्टरचे मार्गदर्शन असणे निराळे.

आता हे काम करणाऱ्यांच्या अंतःकरणाविषयी दोन शब्द बोलतो. मनुष्य असले काम का पत्करतो? प्रथम उत्तर, पोटासाठी. हे उत्तर देण्यात मुळीच कमीपणा नाही. कष्टाची भाकरी पवित्रच असते. दुसरे उत्तर, सोबत्यांसाठी. धुरात एकट्याने जावयाचे नाही, हा त्यांचा पहिला नियम. आणि ज्याच्या भरवशावर आपण आत जातो, त्याला अंतर द्यावयाचे नाही, ही भावना पुष्कळांस भीतीवर मात करण्याचे बळ देते. ते निर्भय असतात असे कोणी समजू नये. भीती ओळखून पाऊल टाकणारा तो जवान; भीती नसलेला मनुष्य धुरात फार दिवस टिकत नाही.

परंतु ज्याने दुसरी विद्याही शिकली, त्याच्याकडे आम्हास तिसरे उत्तर आढळते, आणि ते आम्ही अधिक मोलाचे समजतो. बहुतेक आगी अखेरीस विझतात. तेथे श्रमाचे फळ डोळ्यांस दिसते, लोक टाळ्या वाजवितात. थांबलेल्या हृदयाचे तसे नाही. उत्तमोत्तम साधने असलेल्या देशांतही रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या दहा जणांपैकी सुमारे नऊ जण वाचत नाहीत. म्हणजे हा जवान गुडघे टेकून छाती दाबू लागतो, तेव्हा बहुधा आपला पराभव होणार हे त्याला ठाऊक असते. सभोवती नातलग आक्रोश करीत असतात. काही वेळाने त्याला उठावे लागते, आणि एका तासाने दुसरी हाक आली की पुन्हा तेच काम तितक्याच निष्ठेने करावे लागते. जो केवळ विजयासाठी काम करतो, त्याच्याने हे होणार नाही. एकदा का कसे वाचवावे हे हातास कळले, की हात बांधून उभे राहणे मनुष्यास अशक्य होते. आणि वाचविणे साधले नाही तरी, कोणीही मनुष्य टाकून दिल्यासारखा मरू नये, एवढे तो पाहतो. अंत्यविधीसाठी रात्रीबेरात्री घरोघर जाणाऱ्या आम्हा धर्मगुरूंस हे अंतःकरण चांगले समजते.

ता. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क येथे मनोरे कोसळले. तेथील अग्निशामक दलाचे ३४३ जण मरण पावले. त्यांत दोन पॅरामेडिक होते, आणि त्या दलाचे धर्मगुरू, फ्रान्सिस्कन संघाचे फादर मायकल जज हेही होते. ते आत प्रार्थना करीत असता कोसळत्या ढिगाऱ्याच्या माऱ्यात सापडून मरण पावले. त्या दिवसाच्या मृतांच्या नोंदीत पहिला क्रमांक त्यांचा आहे. जवानांनी त्यांचा देह उचलून जवळच्या संत पेत्राच्या मंदिरात वेदीसमोर नेऊन ठेवला.

भल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यातील एका गोष्टीकडे आमचे लक्ष नेहमी जाते. तो नुसता कळवळला नाही. लुटारूंच्या त्या वाटेवर थांबण्याचा धोका त्याने पत्करला. मग जखमा बांधल्या. मग त्याला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेले. सोडविणारा, उपचार करणारा आणि वाहून नेणारा, असे तिघे तो एकटाच झाला. आणि बाजूने निघून गेलेल्यांत एक याजक होता, हे आम्ही धर्मगुरूंनी विशेष ध्यानात ठेवावयाचे आहे.

तेव्हा आपण काय करावे? आमच्या चार सूचना आहेत.

पहिली : प्रत्येक घरातील निदान एकाने प्रथमोपचार शिकावा. जवान कितीही लवकर आला तरी पहिली चार मिनिटे घरच्यांचीच असतात. मनुष्य बेशुद्ध होऊन नीट श्वास घेत नसेल, तर मदतीसाठी हाक मारून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटास १०० ते १२० या वेगाने, सुमारे दोन इंच खोल दाबत राहावे. बुडालेल्यास उलटे टांगू नये किंवा गरगर फिरवू नये. त्याला आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छाती दाबावी. भाजल्यास शाई, दंतमंजन, तूप, माती यांतील काहीही लावू नये. वीस मिनिटे वाहते थंड पाणी घालावे. घरात धूर भरल्यास जमिनीलगत वाकून बाहेर पडावे. कारण आगीत ज्वाळेपेक्षा धूरच अधिक माणसे मारतो, आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइड वायूस ना वास असतो ना रंग.

दुसरी : रस्त्यावर जखमी दिसल्यास थांबावे. पोलिसांचा ससेमिरा लागेल या भयाने लोक निघून जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदतकर्त्याच्या संरक्षणाच्या नियमांस बळ दिले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात तसे कलमही घातले गेले. सद्भावनेने मदत करणाऱ्यास आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. कायद्याने आपले काम केले आहे. आता आपली पाळी आहे.

तिसरी : आपल्या नगरपालिकांस व महापालिकांस आपण विनयाने पण वारंवार विचारावे, की आमच्या जवानांस पहिल्या उपचाराचे पूर्ण शिक्षण दिले आहे काय? बंबावर सलाइन, प्राणवायू, स्ट्रेचर व हृदयास झटका देणारे यंत्र आहे काय? १०१ व १०८ यांची माणसे वर्षातून एकदा तरी एकत्र सराव करतात काय? पाण्याच्या नळासाठी आपण अर्ज करतो, रस्त्यासाठी करतो, यासाठीही करावा.

चौथी : आपल्या तरुणांपैकी कोणास या कामाची ओढ वाटली, तर आईबापांनी त्याला मागे खेचू नये. आपल्या धर्मग्रामांनी परिचारिका पुष्कळ दिल्या, शिक्षक पुष्कळ दिले. आता जो मुलगा किंवा मुलगी धुरात शिरण्याचे धैर्य आणि नाडी धरण्याचे कौशल्य ही दोन्ही एका देहात बाळगील, असेही कोणी आपल्यांतून निघावे, अशी आमची इच्छा आहे. येत्या १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जाईल. त्या आठवड्यात आपल्या सभागृहात जवानांस बोलावून त्यांच्याकडून हे शिक्षण घ्यावे, असे आम्ही सुचवितो. आणि त्याच दिवशी त्यांना व त्यांच्या कुटुंबियांस आपल्या पंक्तीस मानाने बसवावे.

किल्लारीच्या ढिगाऱ्यांवर हातांची उणीव नव्हती. धावणारे हात पुष्कळ होते. पुढे काय करावे हे शिकलेले हात थोडे होते. भूमी पुन्हा केव्हा हादरेल हे कोणासच सांगता येत नाही. परंतु तेव्हा शिकलेले हात अधिक असावेत, ही तजवीज मात्र आपल्या हाती आहे. परमेश्वर आपल्या सर्वांस ती सुबुद्धी देवो, आणि आज रात्री नांदेड-लातुरातील ठाण्यांत जागणाऱ्या सर्व जवानांचे रक्षण करो.